मालकिणीची सही

१४ ऑक्टोबर २०२४

दहिवलीच्या जागेचं खरेदीखत आज झालं. जागा, तिच्यावरचं दोन खोल्यांचं पडकं घर आणि मागचं शेवग्याचं झाड, हे सगळं आता मासूमा सिराज धनसे या बाईंच्या मालकीचं. बाई माझ्याच घरच्या. बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, ही अक्कल मला कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी दिली होती. मासूमाला वाटतं मी प्रेमापोटी तिच्या नावावर केलं. तिचा गैरसमज दूर करायची मला काही घाई नाही.

सही करताना तिनं आधी चष्मा पुसला, ओढणी सारखी केली आणि सावकाश, गोल अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. मागे रांग लागली होती, पण बाईंना घाई नाही. श्रीवर्धनला सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे अक्षराचा भारी तोरा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नापासून तिनं मला एकदाही सिराज म्हटलेलं नाही. 'अवो', नाहीतर लोकांपुढे 'अल्मासचे अब्बा'. माझं नाव ती फक्त सहीत लिहिते. आज ते बघताना मला उगाचच लाजल्यासारखं झालं, या वयात.

मी साजगावच्या कारखान्यात स्टोअरला होतो. आला माल, गेला माल, रोज लिहायची बोटांना सवय. रिटायर झाल्यापासून लिहायला काही उरलं नाही, म्हणून ही वही. घर उभं राहिलं की बंद करीन.

१९ ऑक्टोबर

नकाशासाठी मनोजला गाठला. मूळ पोशीरचा मुलगा, आता कर्जतला इंजिनीअर म्हणून बसतो. नकाशे काढणं, परवानग्या आणणं हेच त्याचं काम. त्याचे वडील माझ्याबरोबर कारखान्यात होते, म्हणून मला चाचा म्हणतो.

"काय काय पायजे घरात?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मासूमा सुरू झाली.

"वर दोन खोल्या ह्यांना काय पायजे त्या करू द्या. खाली रस्त्याच्या अंगाला एक खोली माझी. मशीन तिथं. गिऱ्हाईक आलं की चप्पल काढून आत बसंल. उभ्या उभ्या कुणाचं माप घेणार नाय आता मी."

खरंच आहे तिचं. साजगावच्या भाड्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर मशीन ठेवून तिनं अर्ध्या गावाच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले. पाऊस आला की मशीन आत आणि गिऱ्हाईक बाहेर. हे घर म्हणजे खरं तर ती एक खोली. बाकीचं तिच्या आजूबाजूला बांधायचं आहे.

मनोज म्हणाला, "चाचा, जागा चाचींच्या नावावर हाय. प्रत्येक कागदाला त्यांचीच सही लागंल. एक मुखत्यारपत्र करून टाका, म्हंजे सगळीकडं तुमची सही चालंल. त्यांना दगदग नको."

"मालकीण मी," मासूमा म्हणाली. "सही मीच करणार. ह्यांनी फाईल उचलायची."

आम्ही तिघंही हसलो आणि विषय तिथंच राहिला.

८ नोव्हेंबर

आचारसंहिता. नगरपरिषदेच्या कचेरीतली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला गेली आहेत. जुनं घर पाडायलासुद्धा आधी परवानगी लागते म्हणे. मी मासूमाला सांगितलं, घर आपणहून पडलं तर चालतं, आपण पाडायचं तर अर्ज. ती म्हणाली, "मग जाऊन जोरात शिंका." दिवसभर तेवढंच एक काम झालं, हसायचं.

३ डिसेंबर

नकाशा झाला. चारी बाजूंनी ठराविक मोकळी जागा सोडायची, जिना इतक्या रुंदीचाच करायचा, असे नियम आहेत, आणि ते सांभाळता सांभाळता पुढची खोली चिंचोळी झाली. मनोज म्हणाला, पुढे छोटा गाळा काढा, भाड्यानं जाईल, आणि मशीनची खोली मागे घ्या, तिथे ऐसपैस होते. मला पटलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

संध्याकाळी मासूमाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बरं."

तिच्या प्रत्येक 'बरं'चा अर्थ मला लागतो. हे 'बरं' मला आवडलं नाही.

१२ डिसेंबर

शाळेतून गणवेशांचा गठ्ठा परत आला. सगळ्या शर्टांचे खिसे उजवीकडे लावलेले. शाळेच्या बाई चांगल्या, हसण्यावारी नेलं. मासूमा मात्र कापडाला दोष देत बसली, कापडच उलटं होतं म्हणे. मी सगळे खिसे उसवून दिले. एवढी वर्षं झोपेतसुद्धा जिचा खिसा चुकला नसता, तिचं लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मागच्या खोलीचा राग आहे हा.

२१ डिसेंबर

आज माझा अपमान झाला. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

मनोजच्या टेबलावर नकाशाच्या प्रती पसरल्या होत्या. प्रत्येकीवर मालकाची सही. मासूमानं चष्मा पुसला, ओढणी सारखी केली, नेहमीच्या गोल अक्षरांत सही केली. मनोजनं कागद जवळ घेऊन पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, मासूमा दाऊद उंड्रे.

दाऊद म्हणजे माझे सासरे. उंड्रे हे तिच्या माहेरचं नाव.

"चाची, खतात हाय तशी करा ना सही," मनोज म्हणाला.

"हीच माझी सही," ती म्हणाली. अगदी सरळ चेहऱ्यानं. चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. मला तर तेच जास्त लागलं. परक्या पोरासमोर, एवढ्या वर्षांचा संसार बाजूला सारून, नावातून नवऱ्याला काढून टाकलं बाईनं. एका खोलीसाठी. तोंडानं कधी घेतलं नाहीच, निदान लिहीत तरी होती.

परतताना स्कूटरवर एक शब्द बोललो नाही. पळसदरीपाशी ती मागून म्हणाली, "आज गप गप का तुमी?" मी स्कूटरचा वेग वाढवला.

२३ डिसेंबर

अजून बोलत नाही तिच्याशी. तिला काही फरक पडलेला दिसत नाही. आज सांदणं केली होती, मला आवडतात म्हणून. साखर घालायची विसरली. मी मुकाट्यानं खाल्ली आणि मुद्दाम आणखी मागितली. तिनं वाढली.

६ जानेवारी २०२५

मीच हरलो. मनोजकडे जाऊन सांगितलं, नकाशा बदल. मशीनची खोली पुढे, रस्त्याच्या अंगाला, चिंचोळी तर चिंचोळी.

"चाचा, अर्ज आत गेलाय," तो म्हणाला. "चाचींची फक्त सही बरोबर करून आणा, दीड-दोन महिन्यांत परवानगी हातात. आता बदलला तर पहिल्यापासून सगळं. परत छाननी, परत पाहणी."

"होऊ दे पहिल्यापासून. मालकीण रुसलीय."

त्यानं अर्ज मागे घेतला. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. खोपोलीहून तिच्यासाठी खाजा घेतला. घरी जाऊन म्हटलं, "घे. तुझी खोली पुढं आणली. आता तरी हस."

ती खाज्याचा पुडा सोडत म्हणाली, "कसली खोली?"

किती ताणायचं माणसानं! तरी मी हसलो. रुसलेल्या बाईला पहिल्या दिवशी खूश होता येत नाही, तिचाही मान असतो.

१८ फेब्रुवारी

तिला खूश करायला आणखी एक उद्योग केला. तिच्या शिवणकामाची सरकारी नोंदणी. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण धंद्याची मालकीण कागदावर तयार! मनोज म्हणाला, "चाचा, आधी जोता तरी होऊ द्या." पण ही नोंदणी मोबाईलवर होते, मग थांबायचं कशाला?

ओटीपी तिच्या फोनवर येतो. मी माझ्या फोनवर फॉर्म उघडून बसलो, ती समोर तिचा फोन धरून. म्हटलं, "आकडे वाच." तिनं पहिले दोन वाचले आणि थांबली. परत पाठवला. परत दोन वाचले आणि माझ्याकडे बघायला लागली, मी पुढचे सांगीन अशी. शेवटी मी फोन हिसकावून घेतला, तोवर वेळ संपली होती. जन्मभर इंच-टेपचे आकडे तोंडपाठ असलेली बाई! मी म्हटलं, "मुद्दाम करतेस ना तू?"

ती म्हणाली, "नाय ओ." आणि रडायला लागली. एवढ्याशा गोष्टीला कुणी रडतं का? मी सॉरी म्हटलं. नंतर मी एकट्यानंच नोंदणी पुरी केली. व्यवसाय, शिवणकाम. मालक, तिचं नाव.

१ एप्रिल

काल ईद. अल्मास, आमची मुलगी, पेणहून नवऱ्याला घेऊन आली होती. आज सकाळी तो गेला, ती संध्याकाळपर्यंत राहिली. दुपारी मला ओट्यावर बोलावून म्हणाली, "अब्बा, अम्मीला डॉक्टरला दाखवा."

"काय झालं तिला?"

"मला तिनं तीनदा विचारलं, तुझं लगीन झालं का गं. काल शीरखुर्म्यात मीठ होतं, तुमी बोलला नाय?"

"रमजानभर रोजे करून थकलीय. आणि तू कधीतरी येतेस. आमी दोघं एका घराच्या मागं लागलोय, डोकं ठिकाणावर कुणाचं हाय इथं?"

"अब्बा, तुमचं पण ठिकाणावर नाय."

बापाला असं बोलायची पद्धत नाही. मी तिला तसं सांगितलं. मुलींना सासरी गेल्यावर आईच्या प्रत्येक शिंकेत दुखणं दिसतं. तिनं जाताना मासूमाच्या गळ्यात पडून फार वेळ सोडलं नाही. मासूमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाली, "गुणाची पोर हाय. कुणाची?"

मी म्हटलं, चेष्टा पुरे.

हे लिहिताना माझा हात थांबला. ती चेष्टा होती ना?

९ मे

नव्या नकाशाला परिषदेनं तत्त्वतः होकार दिला. प्रतींवर सह्या करून द्यायच्या आहेत. या वेळी चूक नको म्हणून सकाळी चहा झाल्यावर मासूमाला चटईवर बसवलं. कोऱ्या कागदावर मी तिचं नाव लिहून दिलं, म्हटलं, याच्याखाली हे असंच लिही.

'मासूमा' सुंदर लिहिलं. मग पेन उचलून बसली.

"पुढं?"

"बघ ना वर. सिराज."

"कोण सिराज?"

माझा पारा चढला. सगळे महिने एकदम वर आले, खिसे, सही, ओटीपी, सगळे. मी ओरडलो, "तुझा नवरा! सिराज! लिही सिराज!"

ती दचकून मागे सरकली. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. परक्या माणसापुढे घेतात तशी. आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मोठ्यानं नाव नका घेऊ त्यांचं. आमच्यात घेत नायत."

मी तिच्यासमोर होतो. हाताच्या अंतरावर.

तिला कळतं की तिचा कुणीतरी नवरा आहे. त्याचं नाव घ्यायचं नसतं हे कळतं. त्याचा मान ठेवायचा, हेही आहे. फक्त तो मी, हे तिला कळलं नाही. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी कागद घडी करून ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "अवो, चहा टाकू का परत?" म्हणजे मी परत आलो होतो.

तिला कधीच राग नव्हता. खोलीचा नाही, कशाचाच नाही. डिसेंबरपासून मी एका रुसव्याची समजूत काढत होतो, आणि रुसवा नव्हताच. तेव्हा निदान समजावून सही घेता आली असती. मीच नकाशा मागे घेतला. मीच.

२० मे

पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. अल्मास आली होती. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, खूप प्रश्न विचारले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कोण?"

"घरचे हायेत," मासूमा म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

ती लाजून हसली आणि खाली बघू लागली. मी पटकन म्हणालो, "नाव घेत नाय ती, आमच्यातली पद्धत हाय." डॉक्टरांनी मान हलवली. अल्मासनं माझा हात घट्ट धरला. किती दिवस ही पद्धत तिचं झाकण होऊन बसली होती कोण जाणे. दोघांचंही.

विसरण्याचा आजार आहे. गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, मागे फिरणार नाही.

११ जून

परवा मशीनची सुई तिच्या बोटात गेली. ती ओरडलीसुद्धा नाही, रक्ताकडे बघत बसली. अल्मासनं फोनवर सांगितलं, मशीन बंद करा. मी पट्टा काढून कपाटावर ठेवला. मासूमा आता नुसतीच मशीनपुढे बसते आणि पाय हलवते. चाक फिरत नाही, ते तिच्या लक्षात येत नाही. आवाज नाही म्हणून मात्र मधूनच माझ्याकडे बघते.

तरी मला वाटतं, त्या पुढच्या खोलीत नेलं की येईल काहीतरी परत. रस्ता दिसेल, माणसं येतील. हात इतक्या लवकर विसरत नसतील. घर व्हायलाच हवं, आणि लवकर.

१५ जुलै

मुखत्यारपत्र. ज्याला आम्ही हसलो होतो, तेच करायला आज कर्जतला दुय्यम निबंधकांकडे गेलो. टोकन लागलं, आत बोलावलं. साहेब तरुण होते, आदबीनं बोलत होते.

"आजी, पूर्ण नाव सांगा तुमचं."

"मासूमा," ती म्हणाली. आणि थांबली.

"पुढं?"

मी म्हटलं, "साहेब, ती नवऱ्याचं नाव घेत नाय."

"हरकत नाही, आजोबा. तुम्ही नका बोलू जरा." मग तिला म्हणाले, "आजी, आज इथं कशासाठी आलात?"

मासूमानं टेबलाकडं, कॅमेऱ्याकडं, साहेबांच्या शर्टाकडं पाहिलं. खांद्यांवर तिची नजर अडकली. म्हणाली, "माप घ्यायला आलेय. उभे राहा. खांद्यात ढगळ हाय तुमचा."

आणि ते उभे राहिले. खरंच उभे राहिले. तिनं गळ्याशी हात नेला, टेप नव्हती, मग वितीनंच त्यांचा खांदा मोजला. कचेरीत कुणी हसलं नाही. साहेब खाली बसून म्हणाले, "आजोबा, मला हे नोंदवता येणार नाही. त्यांना कळत नाही की त्या काय देताहेत." माणूस बरोबर बोलत होता. मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

२२ जुलै

खोपोलीच्या वकिलांना विचारलं. रस्ता आहे. कोर्टात अर्ज करायचा, मला तिचा पालक नेमा म्हणून. त्यात शपथेवर लिहून द्यायचं की अर्जदाराच्या पत्नीची बुद्धी शाबूत नाही, तिला स्वतःचं बरंवाईट समजत नाही. मजकूर टाइप करून हातात दिला. मी वाचला. सही करायची जागा मला दाखवली.

म्हटलं, उद्या येतो. जाणार नाही. तिनं माझं नाव गाळलं ते आजारानं गाळलं. मी शुद्धीवर असताना तिच्याबद्दल असं कसं लिहून देऊ?

१२ ऑगस्ट

जे केलं ते लिहितो.

मनोज म्हणाला, एकच कागद अडलाय. नकाशाप्रमाणे बांधू असं मालकाचं हमीपत्र, आणि प्रतींवरच्या सह्या. "सही येत नाय त्यांचा अंगठा चालतो, चाचा. दोन साक्षीदार लागतात. वय झालं, हात थरथरतो, असं होतंच की. कुणी इचारत नाय."

"तिला समजत नाय, हे तुला ठाऊक हाय."

तो खाली बघत म्हणाला, "ठाऊक हाय. म्हणून तर तुमच्यावर सोडतो."

दहिवलीला गेलो, जागेवरच. शेजारच्या अंबाबाई साक्षीला आल्या. जागा घेतली तेव्हाच त्यांनी मासूमाला चार पोलकी शिवायची सांगून ठेवली होती. शाईचा पॅड उघडला तशा त्या म्हणाल्या, "सिराजभाव, इचारलंत का तिला?"

"इचारून काय कळणार हाय तिला?"

"तरी इचारायचं असतं."

मी विचारलं. म्हटलं, "मासूमा, इथं घर बांधायचं हाय. अंगठा देशील?"

तिनं हात पुढे केला. कुणीही मागितला असता तर केला असता. मी तिचा अंगठा धरून शाईवर ठेवला, मग कागदावर दाबला. एक, मग दुसरा, मग पुढचा. तिचा अंगठा ऊन होता आणि अगदी सैल, त्यात तिचा काहीच जोर नव्हता. सगळा जोर माझाच. मनोजनं साक्षीची सही केली. अंबाबाईंनी केली, पण माझ्याकडे न बघता.

गोल अक्षरांची ती बाई. चोरी करताना माणसाला कसं वाटतं ते मला आज कळलं. आणि तरी उद्या परत वेळ आली तर परत करीन, हेही लिहून ठेवतो.

खोबरेल लावून अंगठा पुसला. डाग पुरता गेला नाही. ती घरी येईपर्यंत तो ओढणीनं पुसत होती आणि म्हणत होती, "पोराच्या शर्टाला नाय ना लागला?"

५ सप्टेंबर

आता रात्री-दिवसा कधीही उठून दाराशी जाते. "घरी जायचंय" म्हणते. मी म्हणतो, घर बांधतोय. ती म्हणते, "मग ह्यांना सांगा मला न्यायला." मी म्हणतो, सांगतो. कधी मी अल्मासचे अब्बा असतो, कधी शेजारचा कुणी भला माणूस. भला असतो एवढं खरं. जेवण मात्र माझ्या हातून घेते, दुसऱ्याच्या हातून नाही. ते मी धरून बसलोय.

२४ सप्टेंबर

दुपारी मनोज स्वतः साजगावला आला. पेढे घेऊन. बांधकाम परवानगी मिळाली. छापील कागद, शिक्का, क्रमांक, सगळं आहे. चहा घेऊन तो लगेच उठला, थांबवेना त्याला.

मासूमा मशीनपुढे बसली होती. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "ऐक, वाचून दाखवतो." सगळा कागद वाचला, अटींसकट. तळमजला, एक शिवणकामाची खोली, रस्त्याच्या बाजूस. मालकाचं नाव आलं तेव्हा सावकाश वाचलं. श्रीमती मासूमा सिराज धनसे.

ती नीट ऐकत होती. मधे पाय हलवायचे थांबवले. मी कागद खाली ठेवल्यावर तिनं त्याच्यावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा, आणि मनापासून आनंदली. कित्येक दिवसांत इतकी आनंदलेली पाहिली नव्हती.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "लई दिवस थांबली असंल बिचारी. तिला कळवलंत का?"

मी म्हटलं, "कळवतो."

"आजच कळवा," ती म्हणाली. "वाट बघत असंल."